प्रति: ईसीजी नॉर्मल, तरी छातीत धडधड

ताई, ईसीजी नॉर्मल आला म्हणून तुमच्या जाऊबाईंना घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात, हे वाचून जीव तुटला. हे पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र घबराटीचे झटके असू शकतात, आणि त्यात शरीर खरंच पेटलेलं असतं हो! १९६७ साली पिट्स आणि मॅक्लुअर या संशोधकांनी अशा रुग्णांच्या शिरेतून सोडियम लॅक्टेट नावाच्या क्षाराचं द्रावण दिलं, तर बहुतेकांना तिथेच घबराटीचा झटका आला. २०१३ चा प्रयोग तर आणखी विलक्षण. मेंदूतला अमिग्डाला, म्हणजे भीती जागवणारा भाग, दोन्ही बाजूंनी निकामी असलेली तीन माणसं, त्यातली एक बाई सापालाही न भिणारी. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड हुंगताच तिघंही घाबरून गेली. म्हणजे भीतीची एक वाट श्वासातूनही जाते.

मात्र सध्या कपाशीवर फवारणी सुरू असेल, तर आधी विषबाधा नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या. घाम, धडधड, गुदमरणं त्यातही होतं.

मेडिकलवाल्याकडून परस्पर अल्प्राझोलाम (घबराट शमवणारी गोळी) आणू नका, सवय लागते. डॉक्टर घबराटीवर देतात त्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढूही शकते. त्यातच लोक सोडून देतात. यवतमाळ-अमरावतीला मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं जमेपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलता येतं.