दवाखान्यातून आल्यावर पिल्लाला पार्व्हो, आता मांजरीच्या पिल्लाला कसं जपू?

जरा तातडीने मदत हवी आहे.

आमचं तीन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू पाय मोडला म्हणून दवाखान्यात ॲडमिट होतं. शेजारच्या पिंजऱ्यात जुलाब लागलेलं एक पिल्लू होतं आणि दोघांचं सगळं एकच मदतनीस करायचा, त्याच ॲप्रनवर. घरी आणलं तेव्हा छान खेळत होतं. आठवडा व्हायच्या आत खाणं बंद, पिवळ्या फेसाच्या उलट्या, मग रक्ताचे जुलाब. शीची टेस्ट पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य आजार) पॉझिटिव्ह आली. आता दुसऱ्या डॉक्टरांकडे सलाईनवर आहे. आज थोडं पाणी पोटात टिकलं, तेवढाच धीर.

लसीचा पहिला डोस झाला होता, तरी कसं झालं? लागण त्या दवाखान्यातलीच असेल का? मला भांडायचं नाही, पण तिथे रोज पिल्लं येतात, जीव तुटतो. त्यांना कळवावं ना?

आणि घरात मांजरीचं पिल्लू आहे, त्याची लस अजून व्हायची आहे. फरशी फिनेलने पुसते आहे. पुरेल का?

प्रतिसाद

ताई, फिनेल आधी थांबवा. पार्व्हो त्याने मरत नाही आणि मांजरांना ते विषारी असतं. हॅंड सॅनिटायझरवरही विसंबू नका, हात साबणाने धुवा. फरशी आधी साबणाने स्वच्छ करा, कारण घाण राहिली तर ब्लीच काम करत नाही. मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. तोवर मांजर दुसऱ्या खोलीत. ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. अंथरूण, मऊ खेळणी टाकून दिलेली बरी.

कुत्र्यांच्या पार्व्होचे आजचे प्रकार मांजरांनाही होऊ शकतात. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांमधल्या पार्व्होसारख्याच आजाराची) लस त्यावर बरंच संरक्षण देते, म्हणून आजच डॉक्टरांशी बोला.

आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीजमुळे) पहिला डोस पुष्कळदा वाया जातो, म्हणून तर पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस देत राहतात. लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, कधी चौदाही लागतात. तुमचा हिशोब दवाखान्याशी जुळतो, खात्रीने मात्र सांगता येणार नाही. तरी जरूर कळवा, तारखा आणि रिपोर्टसकट. पिंजरे, ॲप्रन, थर्मामीटर त्यांना तपासता येतील.

पिल्लू घरी आलं की निदान दोन आठवडे वेगळं ठेवा, बरं दिसलं तरी शीतून विषाणू जात असतो. फेरतपासणीला नेताना आधी फोन करा, म्हणजे वेटिंगमध्ये बसवणार नाहीत.