ब्लॉगस्पॉट सोडून ड्रीमविड्थवर जाऊ का? कोणी आहे का तिथे?

फोंडेकर_१४
नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा, ब्लॉगस्पॉटवर बारा वर्षं मराठीत लिहितोय, जत्रा, कालो, रानभाज्या असलं काय काय. आधी एका पोस्टीला दहा-बारा कमेंटी यायच्या, आता कुणी चिटपाखरू फिरकत नाही, आणि फेसबुकवर टाकलं तर दोन दिवसांत पोस्ट तळाला, परत शोधायला गेलं तर मलाच सापडत नाही. गेल्या चतुर्थीला माटोळीवर (गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधतात ती) लिहिलेलं, बाजारात उभा राहून एकेका बायेला विचारून नावं लिहून घेतली होती, ते सगळं लाइक आणि हात जोडलेल्या इमोजीत गेलं. एका मैत्रिणीने ड्रीमविड्थ ही ब्लॉग लिहायची साइट सुचवली, म्हणे तिथे जाहिराती नाहीत आणि माणसं खरंच वाचून उत्तरं देतात. अकाउंट काढायला इन्व्हाइट लागतो का? देवनागरी नीट दिसते का? आणि मुख्य म्हणजे उद्या हेही बंद पडलं तर?

म्हापश्याची_ताई
मी आहे तिथे, बरीच वर्षं. इन्व्हाइट कोडचं प्रकरण सुरुवातीचं होतं, आता लागत नाही. देवनागरी व्यवस्थित दिसते, टॅगसुद्धा मराठीत देता येतात, मेनू मात्र सगळे इंग्रजीत. साइट नवीन वाटते पण नाही हां, २००९ पासून चालू आहे, लाइव्हजर्नल या जुन्या ब्लॉग-साइटचा सगळ्यांना खुला असलेला कोड घेऊन तिथल्याच जुन्या लोकांनी काढली. पैसे देणाऱ्या मेंबरांवर चालते, फुकट अकाउंटवरही जाहिरात दिसत नाही.

मला तिथली एक गोष्ट फार आवडते. फेसबुकवर फ्रेंड म्हटलं की वाचणं आणि दाखवणं एकाच दाव्याला बांधलेलं. इथे दोन वेगळी बटणं. मी तुझं वाचायला लागले म्हणून तू मला तुझ्या कुलूपबंद पोस्टी दाखवायलाच पाहिजेस असं नाही, आणि उलटही. मी सासरघरचं लिहिते ते चार मैत्रिणींपुरतं, माशांच्या कालवणाचं लिहिते ते सगळ्यांना. नणंद माझं वाचते आणि आम्ही अजून बोलतो, यावरून काय ते समज 😄

कुंपणावरचा_सरडा
ताई म्हणते ते खरं, पण फोंडेकरबाब, तुम्ही घर बदललं म्हणून शेजारी येत नाहीत. तिथे तुमच्यासाठी पोस्ट वर ढकलणारं कोणी नाही, जे वाचायला घेतलं तेच दिसणार, तारखेप्रमाणे. पहिले दोन महिने भिंतीशी बोलल्यासारखं वाटेल. मराठी माणसं तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मला तरी तेवढीच भेटली. गप्पाच हव्या असतील तर मायबोली, मिसळपाव काय वाईट आहेत?

बंद पडण्याचं म्हणाल तर कुठलीही साइट पडू शकते. जिओसिटीज २००९ला गेलं, गूगल रीडर २०१३ला, ऑर्कुट २०१४ला, आणि कोहोस्ट नावाची अशीच लोकांसाठी म्हणून काढलेली साइट २०२२ला सुरू होऊन २०२४ला बंद झाली, पैशाअभावी. माझे स्वतःचे दीडशे लेख एका साइटबरोबर बुडाले, नाव घेत नाही. बंद होणार अशी मेल आली होती, मी उघडलीच नाही. आजीच्या तोंडून उतरवून घेतलेल्या ओव्या होत्या त्यात, आणि आजी आता नाही.

म्हापश्याची_ताई
अरे देवा, ओव्या गेल्या?

बॅकअपवाला
मध्येच तोंड घालतो, फोंडेकर, जायचं की नाही ते नंतर ठरव, आज रात्री आधी एक काम कर. ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपचा पर्याय आहे, त्यातून एक फाइल उतरते, पोस्टी आणि कमेंटी दोन्ही येतात. पण फोटो त्यात येत नाहीत, नुसत्या लिंका असतात, ते वेगळे उतरव, हे लोकांना मागाहून कळतं. आणि ड्रीमविड्थचा इंपोर्टर, म्हणजे जुन्या पोस्टी आत ओढून घेणारी सोय, लाइव्हजर्नलच्या जातीच्या साइटींसाठी आहे, ब्लॉगरची फाइल तो घेणार नाही, म्हणजे जुनं सगळं हाताने चिकटवावं लागेल. मी तर म्हणतो जुना ब्लॉग तसाच ठेव, नवीन तिथे लिही. तिथल्या दर जर्नलला, म्हणजे ब्लॉगला, आरएसएस फीड असतं, नवीन पोस्टी आपोआप पुरवणारी लिंक, ज्याला तिथे यायचं नाही तो फीड वाचायच्या ॲपमधून वाचेल.

म्हापश्याची_ताई
आणि नुसतं जर्नल काढून वाट बघू नकोस. कम्युनिटी काढ, फुकट अकाउंटवरही काढता येते, त्यात कुणी टाकायचं ते तू ठरवायचं. माटोळीची काढ ना! मी पहिली मेंबर. तुझ्या त्या पोस्टीत कवंडळ आणि आंबाडे होते, पण केशरी फुटणाऱ्या फळांच्या घोसाला तू नुसतं 'रानफळ' लिहिलंस, ती कांगलां रे!

फोंडेकर_१४
ताई, ते तेव्हाच का नाही सांगितलं 😅 बाजारातली बाय काहीतरी पुटपुटली होती, गर्दीत ऐकू आलं नाही आणि परत विचारायची लाज वाटली. फाइल उतरवली, फोटो उतरतायत, साडेनऊशे आहेत, नेट आमच्याकडे पावसात कसं असतं ते माहीतच आहे. अकाउंट काढलं, कम्युनिटी उद्या. सरडेबाब, ओव्यांतल्या चार ओळी जरी आठवत असतील तर तिथे टाका, बाकीच्या कुणाच्या तरी आजीला येत असतील.

कुंपणावरचा_सरडा
दोन आठवतात. जात्यावरच्या आहेत, मध्ये कोंकणी शब्द आहेत, चालतील?

फोंडेकर_१४
पळतील. देव बरें करूं.