हिरवं पाकीट म्हणजे पौष्टिक?
ताई, 'आईबापांनी खाऊच्या पाकिटामागचं वाचावं' हे तुमचं पटतं, पण पाकीट निवडतं कोण? पोरगं! आमच्या सांगलीत किराणा दुकानांत पाच रुपयांच्या पाकिटांच्या माळा बरोबर पोरांच्या नजरेसमोर लटकतात, वर कार्टून. मोठी माणसं भुलतात हिरव्या रंगाला. एखादं पान काढलं, 'बेक्ड' लिहिलं, की झालं पौष्टिक! मागे मुंगीएवढ्या अक्षरांत सोडियम. त्याला अडीचने गुणा, मग मीठ कळतं. एवढं गणित दुकानात उभं राहून कोण करतंय? दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी, कॅलरी जास्त असल्या तर पुढेच काळा अष्टकोन छापायला लावला, आणि अशा पाकिटांवरची पोरांना भुलवणारी कार्टूनंही हटवली. आपल्याकडे शाकाहाराचा हिरवा ठिपका सक्तीचा, साखरेला मात्र ठिपका नाही. (आमचं भडंग बिचारं पारदर्शक पिशवीत, तेलासकट दिसतं!)