मदत हवी आहे: कालव्यावरच्या लॉकचा सुरक्षित नियंत्रक आपोआप तयार करताना मेमरी संपते

नमस्कार मंडळी. एमटेकच्या प्रकल्पासाठी नेदरलँड्समधल्या कालव्यांवर असतो तशा लॉकचा (बोटी वर-खाली नेणारा, दोन्ही टोकांना दारं असलेला हौद) सुपरवायझर (कोणती हालचाल कधी होऊ द्यायची हे ठरवणारा नियंत्रक) सीआयएफ (मॉडेल आणि अटी दिल्या की असा नियंत्रक आपोआप तयार करणारी भाषा आणि साधनं) वापरून बनवतेय. अट अशी: दोन्ही टोकांची दारं एकाच वेळी कधीच उघडी नकोत, आणि पाणी समपातळीत आल्याशिवाय दार हलता कामा नये. एका लॉकचं जमलं. शेजारचा उचलपूल आणि दुसरा लॉक जोडला की मॉडेलच्या शक्य अवस्था (दारं, पाणी, पूल यांच्या स्थितींच्या जोड्या) गुणाकाराने वाढतात, १६ जीबी रॅमही पुरत नाही. तुकडे पाडून पाहिले. प्रत्येक तुकडा सुरक्षित, पण एकत्र आले की एकमेकांची वाट बघत अडकतात. अटी सैल करायची माझी अजिबात तयारी नाही, आत माणसं असतात.

बीडीडीमधला (अवस्थांचे संच आटोपशीर साठवणारा हो/नाही निर्णयांचा आलेख) चलांचा क्रम बदलून कुणाला फरक पडलाय का? की सरळ मल्टिलेव्हल विभागणी (एका मोठ्या सुपरवायझरऐवजी उतरंडीत मांडलेले छोटे सुपरवायझर) करू? आणि मग सगळं मिळून अडकत नाही, हे कसं तपासता?