वॅगन व्हील जो : कलावंत की नुसती चलाखी?

रीळवेडा :
दिग्दर्शक जोसेफ एच. लुईसला हॉलिवूडचे संकलक ‘वॅगन व्हील जो’ म्हणून चिडवायचे. १९३७ पासून त्याने आधी युनिव्हर्सल, मग कोलंबियासाठी स्वस्तातले वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार-पिस्तुलवाल्यांचे चित्रपट काढले. प्रसंग रटाळ वाटला की पठ्ठ्या कॅमेऱ्यापुढे घोडागाडीचं (वॅगनचं) चाक उभं करायचा आणि आऱ्यांमधून शॉट घ्यायचा. असा माणूस चिल्लर बजेटवर राबत राहिला, हे हॉलिवूडचं करंटेपण. पटतंय?

जुनाखोड :
मुळीच नाही. एकदा चाक लावलं तर कल्पकता, सारखं लावलं तर खोड. गोष्टच पोकळ असेल तर चाक काय कपाळ करणार?

कुंडीवाली :
मी मालिकांच्या सेटवर कॅमेऱ्यामागे असते. मागची भिंत प्लायची आहे हे कळू नये म्हणून आमच्याकडे पुढे कुंडी नाहीतर समई येते. ‘फोरग्राउंड टाक’, बस्स. पण कुंडी फक्त झाकते. दोन आऱ्यांच्या फटीत घोडेस्वार नेमका पकडायचा तर कॅमेरा वीतभर खाली-वर झालेलाही चालत नाही.

आणि गरिबीचं म्हणाल तर ‘गन क्रेझी’ (१९५०) बघा. बँकेवरचा दरोडा मोटारीच्या मागच्या सीटवरून, एका टेकमध्ये. दरोडेखोर जॉन डॉल आत जातो, बाहेर त्याची साथीदार पेगी कमिन्स पोलिसाला बोलण्यात गुंतवते, आणि आपण गाडीतच अडकलेले. बँक आतून दिसतच नाही, म्हणजे तो सेटही नको! पैसे त्याचे वाचले, घाम आपल्याला फुटला. कोंड्याचा मांडा म्हणतात तो हा.

जुनाखोड :
ताई, तो गुन्हेपट. धागा वेस्टर्नचा आहे.

रीळवेडा :
मग त्याचा शेवटचा चित्रपट घ्या, ‘टेरर इन अ टेक्सस टाउन’, १९५८. पिस्तुलवाल्यासमोर स्टर्लिंग हेडन भर रस्त्यात देवमाशाच्या शिकारीचा भाला घेऊन चालत येतो! पटकथा डाल्टन ट्रम्बोची, म्हणजे कम्युनिस्ट म्हणून हॉलिवूडने काळ्या यादीत टाकून काम बंद केलेल्या लेखकाची, पडद्यावर नाव दुसऱ्याचं. मोठ्या स्टुडिओने त्या काळात हे होऊ दिलं असतं?

जुनाखोड :
भाला मान्य. पण ती झुंज सुरुवातीलाच दाखवून टाकलीय. रीळ वाचवलं की काय?

कुंडीवाली :
वाचवलं असेल, बिघडलं कुठे? तो भाला गावात आला कसा, या एका प्रश्नावर मी शेवटपर्यंत बसले. रीळवेडा, तुमचं ‘करंटेपण’ मात्र मला पटत नाही. पुढे टीव्हीवर त्याने ‘द रायफलमन’चे पन्नासेक भाग केले. हाताला काम होतं की!

जुनाखोड :
त्यातल्या एखाद्या भागात चाक दिसलं तर कळवा. रविवारी मोकळा आहे.