मदत हवी आहे: मागचं चाक सारखं बसतंय, शनिवारी चिखलदऱ्याला निघायचंय

वऱ्हाडी_पायंडल
काल धामणगाव गढीच्या पुढे कच्च्या वाटेनं सायकल चालवून पाहिली. चार किलोमीटरात दोनदा मागचं चाक बसलं. दुकानात पंक्चर काढलं, घरी येईपर्यंत हवा पुन्हा गायब. शनिवारी आम्ही तिघं परतवाड्याहून निघतोय, वर एक रात्र तंबूत. नवा टायर घेऊ का? लवकर सांगा.

घाटवाला
ट्यूब की ट्यूबलेस? व्हॉल्व मोटरसायकलसारखा जाड की बारीक? हवा किती भरता? हे न सांगता टायरचं काय सांगणार भाऊ?

रानवाट
त्याआधी तंबू कुठे लावणार ते सांगा. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी आहे. अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, मुक्काम तर दूरच.

वऱ्हाडी_पायंडल
ट्यूबच आहे, व्हॉल्व जाड. हवा अंदाजे. तंबू मोथ्याला ओळखीच्यांच्या वावरात, जंगलात नाही. पण चाकाचं सांगा ना!

सीलंटवाला
ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, ओता, विषय संपला. बाभळीचे काटे मी मोजणंच सोडलंय.

घाटवाला
विषय नाही संपत. उन्हात ते सुकतं, आणि मग त्याच ट्यूबला ठिगळ धड चिकटत नाही. दोन जादा ट्यूब बाळगा.

सीलंटवाला
दर दोन-तीन महिन्यांनी नवं ओतलं की सुकत नाही. रिममध्ये कापडी पट्टी आहे का तेही पाहा.

गाविलगड_प्रेमी
वर गेलात तर गाविलगड बघाच. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. चिखलदऱ्याला कॉफीही पिकते!

टोंगळाभर_चिखल
भाऊ, दुकानदारानं टायर आतून पाहिला का? काटा बाहेरून मोडतो, टोक रबरात राहतं आणि ठिगळाशेजारी पुन्हा भोक पाडतं. टायर उलटा करा, सुती फडकं आतून हळूहळू फिरवा. धागा अडकला तिथेच टोक आहे. बोट फिरवू नका, माझं फाटलं होतं.

वऱ्हाडी_पायंडल
फडकं दोनदा अडकलं! एक टोक तांदळाच्या दाण्याएवढं, दुसरं त्याहून बारीक, काळं. चिमट्यानं काढली. ट्यूब बादलीत बुडवली तर ठिगळापासून बोटभर अंतरावर बुडबुडे. तिथं पॉलिश पेपरनं घासून, सोल्यूशन वाळू देऊन नवं ठिगळ लावलंय. टायर तोच ठेवतो. रात्रभर हवा टिकते का पाहतो.

घाटवाला
जादा ट्यूब तरी घ्या. आणि उतरायच्या आधी ब्रेकचे पॅड बघा, घाट मोठा आहे.

रानवाट
वावराच्या मालकाला आधी फोन केला का? आणि त्या बीटच्या, म्हणजे त्या वनभागाच्या, वनरक्षकाला?

वऱ्हाडी_पायंडल
मालकाला हो. वनरक्षकाला उद्या सकाळी भेटतो.