काउन्सेलरकडे गेलो आणि फॉर्मवर सगळं खोटं भरून आलो, आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?

कोपऱ्यातला_बेंच

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा लिहितोय. एमएस्सीचं दुसरं वर्ष. गेले दोन महिने झोपेचा पार बट्ट्याबोळ झालाय, रात्री तीन साडेतीनपर्यंत छताकडे बघत पडायचं, सकाळी उठवत नाही, लेक्चर बुडतं, आणि बुडालं म्हणून दिवसभर परत तेच डोक्यात. गाइडचा मेल आला की पोटात गोळा येतो. सध्या त्यांचे ११ मेल न उघडता पडलेत, पहिला साधा 'ड्राफ्ट कुठपर्यंत आला' एवढाच असणार हे माहितीये तरी हात लावत नाही.

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने अक्षरशः धरून युनिव्हर्सिटीच्या काउन्सेलिंग सेंटरला नेलं. तिथे आत जायच्या आधी एक फॉर्म भरायला देतात, पॅडला क्लिप लावलेला, दोरीला बांधलेलं पेन. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, 'अजिबात नाही' पासून 'जवळपास रोज' पर्यंत चार रकाने. वर नाव आणि रोल नंबर. रोल नंबर लिहिला आणि तिथेच माझं बिनसलं. म्हटलं हा कागद फिरत फिरत डिपार्टमेंटला गेला तर? म्हणून झोपेला 'काही दिवस', बाकी सगळीकडे 'अजिबात नाही' अशा टिका मारून मोकळा झालो. नववा प्रश्न जगण्यामरण्याबद्दल होता, त्यावर तर वाचल्या वाचल्या टिक मारली आणि पान उलटलं. ती टिक खरी नव्हती. म्हणजे काही करणार वगैरे नाहीये, पण रात्री कधीतरी वाटतं की सकाळी जागच आली नाही तर किती बरं होईल, एवढंच.

आतल्या मॅडम चांगल्या होत्या. ५० मिनिटं बोललो, मी 'हो थोडं टेन्शन आहे' छाप उत्तरं देत राहिलो, मग त्यांनी झोपेबद्दल चार गोष्टी सांगितल्या, एक टाइमटेबलचा कागद दिला. बाहेर आलो आणि डोक्यात एकच, एवढ्यासाठी आलो होतो? आता रूमवर येऊन कळतंय की चूक त्यांची नाहीच, मी सांगितलंच काय.

पुढची वेळ गुरुवारची आहे. जाऊ का? आणि गेलो तर 'मॅडम मागच्या वेळी खोटं बोललो' असं म्हणायचं? खरं सांगितलं की लगेच घरी फोन करतात का, गाइडला कळवतात का, रेकॉर्डवर येतं का? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, 'सकारात्मक विचार कर' नको.

---

उशिरा_उठणारी

अरे हे वाचून मला हसू आलं आणि रडूही, कारण सेम टु सेम मी केलंय. मी तर फॉर्मवर सगळीकडे शून्य मारून आले होते आणि मग आत जाऊन वीस मिनिटं टिश्यूच्या डब्याकडे बघून रडले. त्या माणसाने फॉर्मकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काहीच बोलले नाहीत.

तोंडाने सांगायला जमत नसेल तर लिहून ने, खरंच. मी दुसऱ्या वेळी वहीचं पान फाडून त्यावर सहा ओळी लिहिल्या होत्या, आत गेल्यावर 'हे वाचा आधी' म्हणून पुढे सरकवलं आणि ते वाचत असताना खिडकीतून बाहेर बघत बसले. वाईट काही झालं नाही. 'बरं झालं लिहिलंस' म्हणाले आणि शेवटच्या ओळीवरून बोलायला सुरुवात केली, जी मी सगळ्यात बारीक अक्षरात लिहिली होती. यांना बारीक अक्षर बरोबर दिसतं.

घरी फोन वगैरे माझ्या बाबतीत तरी काही नाही. डिपार्टमेंटला आजपर्यंत माहीत नाही. आणि हो, नऊ नंबरचं जे लिहिलंयस ना, ते त्या मैत्रिणीलाही सांग, गुरुवारपर्यंत तुला एकट्याला ते धरून बसायची गरज नाहीये.

---

जुना_पळपुटा

माझं मत वेगळं आहे, शिव्या घाला हवं तर. आजकाल जरा काही झालं की थेरपी. सकाळी उठून पळायला जा, मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत ठेव, दोन जिवाभावाचे मित्र पकड. ५० मिनिटं अनोळखी माणसासमोर बसून काय होणार? नुसतं ऐकून घेतात आणि 'मग तुला काय वाटलं' विचारतात. एवढं तर माझा रूममेटही विचारतो.

---

खोली_नंबर_चार

मी युनिव्हर्सिटीतच काउन्सेलर आहे, बरीच वर्षं झाली, कुठली ते सांगत नाही. वयाने मोठी आहे म्हणून अरेतुरे करते, चालवून घे.

आधी नवव्या प्रश्नाचं. 'जागच आली नाही तर बरं' हे वाटणं आणि स्वतःला काही करण्याचा बेत असणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि आम्हाला तो फरक विचारायला शिकवलेलं असतं. तिथे टिक मारली म्हणून कोणी उचलून अॅडमिट करत नाही. आम्ही विचारतो, किती वेळा, कधीपासून, कसं करायचं असा विचार आलाय का, हाताशी काही आहे का, कोणाला सांगितलंयस का. पण हे पक्कं ध्यानात ठेव, बेत किंवा साधन असं काही डोक्यात यायला लागलं तर गुरुवारची वाट बघायची नाही. त्याच क्षणी मैत्रिणीला सोबत घेऊन सेंटर, ते बंद असेल तर हॉस्पिटलची इमर्जन्सी. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

आता फॉर्म. तुझ्या वर्णनावरून तो पीएचक्यू-९ दिसतोय, डिप्रेशनची लक्षणं बघायची प्रश्नावली, जगभर वापरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३, एकूण २७. ५, १०, १५, २० असे टप्पे, जेवढा आकडा वर तेवढं डिप्रेशन जास्त असण्याची शक्यता. ती परीक्षाही नाही आणि निदानही नाही, आमच्यासाठी ती नुसती कुठून सुरुवात करायची याची खूण. तुझ्या कागदावर आला असणार १. आता १ आलेल्या मुलाला मी तरी काय देणार, झोपेच्या टिप्स आणि टाइमटेबलच! त्या मॅडमनी समोर आलं त्यावर काम केलं. आणि 'मागच्या वेळी खरं नव्हतं लिहिलं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येणं कधीच थांबलंय, उलट मनात म्हणते चला, आता कामाला लागू.

गोपनीयता. रोल नंबर बहुतेक वेळा तू इथलाच विद्यार्थी आहेस हे बघायला आणि फाइल लावायला असतो. सेशनच्या नोंदी मार्कांच्या रेकॉर्डपासून वेगळ्या ठेवायच्या असतात, गाइडला विचारूनसुद्धा मिळायला नकोत. पण मी तुला 'शंभर टक्के गुप्त' असं सांगणार नाही, कारण तसं सांगणारा काउन्सेलरच खोटं बोलतोय. अपवाद असतात. तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला खरोखर आणि जवळचा धोका असेल तर, लहान मुलाचा छळ होत असेल तर, किंवा कोर्टाने मागितलं तर. यातला दुसऱ्याच्या जिवाचा मुद्दा तर युनिव्हर्सिटीतूनच आलाय. १९६९ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीत एका विद्यार्थ्याने तिथल्याच सायकॉलॉजिस्टला सांगितलं होतं की मी अमुक मुलीला मारणार, पोलिसांना कळवलं गेलं पण त्या मुलीला कोणी सावध केलं नाही आणि त्याने तिला मारलं. त्यावर १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, तारासॉफ केस म्हणून आम्हाला शिकवतात. प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे, म्हणून गुरुवारी खुर्चीत बसल्या बसल्या हाच प्रश्न टाक, 'मी इथे बोलेन ते कोणाकोणाला कळू शकतं, आणि कळवायची वेळ आली तर आधी मला सांगाल का?' याचं सरळ उत्तर मिळालं की मग बोल.

@जुना_पळपुटा तुमचं पळणं बरोबर आहे हो, व्यायामाने डिप्रेशनला मदत होते यात वाद नाही. पण ज्याला सकाळी पायात चप्पल घालायचं बळ नाही त्याला 'पळ' म्हणून काय उपयोग. त्यासाठी आम्ही एक काम पकडतो आणि ते इतकं छोटं करतो की हसू यावं, पळणं नाही, नुसतं बूट घालून दारापर्यंत. पुढच्या वेळी त्यावरच बोलतो. आणि 'नुसतं ऐकून घेतात' हे इतकं सोपं नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकन सायकॉलॉजिस्टने आयुष्यभर त्याच्यावरच काम केलं, १९४५ मध्ये शिकागो युनिव्हर्सिटीत काउन्सेलिंग सेंटरही उभं केलं. रूममेट ऐकतो तेव्हा तो तुमचा रूममेटच असतो, उद्या त्याचं तुमच्याशी भांडण होणार असतं. समोरच्याला तुमच्याकडून काहीच नको असणं यात मोठा फरक पडतो. ज्यांना नुसतं बोलणं पुरत नाही त्यांच्यासाठी सीबीटी आहे, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी, १९६० च्या दशकात अॅरन बेक या अमेरिकन सायकायट्रिस्टने सुरू केलेली, त्यात घरचा अभ्यास असतो, वहीत लिहायचं असतं. तुझे ११ मेल हा सीबीटीसाठी अगदी बनून आलेला प्रश्न आहे!

---

निळा_कागद

मी दुसरी बाजू सांगतो कारण इथे सगळं गोड गोड चाललंय. माझा पहिला काउन्सेलर वाईट होता. कुठला ते जाऊ दे. दर वेळी पंधरा मिनिटं स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांबद्दल बोलायचा, आणि एकदा तर म्हणाला की तुझ्यापेक्षा कितीतरी वाईट परिस्थितीतली मुलं मी बघतो. मी चार सेशन सोसलं, वाटलं थेरपी अशीच असते, मग सोडून दिलं आणि आठ महिने कुठेच गेलो नाही. ते आठ महिने मला अजून खुपतात. त्यामुळे दोन तीन वेळा खरं बोलून बघ आणि तरीही जुळत नसेल तर रिसेप्शनवर जाऊन 'दुसरं कोणी मिळेल का' विचार, कारण सांगावं लागत नाही, तो पोरकटपणा पण नाही.

आणखी दोन गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. बऱ्याच सेंटरला सेशनची मर्यादा असते, ती पहिल्याच वेळी विचार, नाहीतर मुद्द्यावर येईपर्यंत संपतात. आणि परीक्षेच्या तोंडावर अख्खी युनिव्हर्सिटी तिथे उभी असते, म्हणून मिळालेली तारीख सोडू नकोस. कधी कधी समोर शिकाऊ काउन्सेलर पण असतो, त्याच्यावर सिनियरची देखरेख असते. माझा दुसरा तसाच होता, आणि पहिल्यापेक्षा शंभर पटीने बरा.

गोळ्यांचं विचारलं नाहीस पण येईल तो विषय. काउन्सेलर सहसा गोळ्या लिहून देत नाही, त्यासाठी सायकायट्रिस्ट, तो डॉक्टर असतो. मला पाठवलं तेव्हा वाटलं झालं, आपण संपलो. तसं काही नव्हतं. परिणाम कळायला दोन ते सहा आठवडे जातात, आणि पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला जरा लवकर लवकर बोलावून बघतात कारण क्वचित कोणाला आधी जास्त अस्वस्थ वाटू शकतं, असं काही झालं तर लगेच सांगायचं असतं. मनाने बंद मात्र करायच्या नाहीत, तो शहाणपणा मी करून बघितलाय, चार दिवस चक्कर येत होती.

---

जुना_पळपुटा

@खोली_नंबर_चार ओके. दारापर्यंतचं पटलं. मी पळायला लागलो तेव्हा माझा भाऊ रोज खाली येऊन उभा राहायचा, हे मी वर लिहायला विसरलो होतो.

---

कोपऱ्यातला_बेंच

सगळ्यांना थँक्यू, अपडेट देतो. मैत्रिणीला बुधवारी रात्रीच सांगितलं, ती काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली मला शंका होतीच. काल जाऊन आलो. चिठ्ठी लिहून नेली होती पण ती खिशातच राहिली, कारण बाहेर बसलेलो असताना मीच काउंटरवर जाऊन म्हटलं की तो फॉर्म परत मिळेल का, मागचा चुकलाय. त्यांनी कशाला वगैरे काही विचारलं नाही, नवीन दिला, पेन तेच दोरीवालं. या वेळी १७ आले. नवव्याला 'काही दिवस'. टिक मारताना हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू.

आत गेल्यावर आधी तो कोणाला कळतं वाला प्रश्न विचारला. मॅडमनी एक छापील कागद काढून ओळीवर बोट ठेवून दाखवलं, म्हणाल्या हे मागच्या वेळीही दिलं होतं, तू सही केलीस. आठवत नाही मला! मग नवव्याबद्दल खूप विचारलं, अगदी शांतपणे, आणि सायकायट्रिस्टची वेळ घेऊन दिलीये सोमवारची. घरी फोन केला नाही. मीच करावा का यावर बोललो, अजून ठरलेलं नाही.

झोप तशीच आहे. मेल आता १२ झालेत. मॅडम म्हणाल्या रूमवर एकटा उघडू नकोस, पुढच्या गुरुवारी लॅपटॉप घेऊन ये, पहिला इथेच बसून उघडू.